पावती मागणे हा अविश्वास आहे काय?

‘विश्वास’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण तो फोडून कधी पाहत नाही. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला, की मोकळेपणाने, भय सोडून श्वास घेणे असा अर्थ उभा राहतो. जिथे छातीवर दडपण नाही, बोलताना चाचपडावे लागत नाही, तिथे विश्वास आहे असे समजावे. आता व्यवहारात काय घडते ते बघा. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे कोणी बजावून सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘प्रश्न विचारू नका’ असा असतो. म्हणजे श्वास मोकळा घ्या असे नव्हे, तर श्वास रोखून धरा! शब्द एक सांगतो आणि माणसे त्याच शब्दाने उलटे काम करून घेतात.

म्हणून आज एका साध्या प्रश्नाचा विचार करू. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवला, त्याच्याकडे हिशेब मागणे हा अविश्वास आहे काय? आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला, त्याने न मागता हिशेब पुढे ठेवणे हा त्याचा कमीपणा आहे काय? हा प्रश्न राज्यकर्त्यांच्या बाबतीत पुष्कळ चर्चिला जातो. आपण तो अगदी जवळचा घेऊ. इतका जवळचा, की जिना उतरला की भेटावा. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची घरे आज सहकारी गृहनिर्माण संस्थांत आहेत. लोक नुसते ‘सोसायटी’ म्हणतात. या सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आपल्यातलेच. वर्गणी आपली, गच्ची आपली, पाण्याची टाकी आपली. आणि तरीही भांडण जितके इथे होते, तितके परक्याशी होत नाही. उत्सवाच्या दिवसांत मी मुंबई-पुण्याच्या अशा आवारांत कीर्तनास उभा राहतो. कीर्तन संपले, चहा आला, की चार माणसे जवळ सरकून बसतात आणि विषय निघतो तो हाच. कोणी म्हणतो, ‘बुवा, आमची समिती काही सांगतच नाही.’ दुसरा, जो बहुधा समितीत असतो, तो म्हणतो, ‘बुवा, फुकट राबतो आणि वर संशय घेतात.’ दोघांच्याही डोळ्यांत पाणी यायचेच काय ते बाकी असते.

आधी ही संस्था म्हणजे काय, ते नीट पाहू. मुंबईत गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. एकट्याला जे घर परवडत नाही, ते अनेकांनी मिळून उभारावे, ही कल्पना. आज महाराष्ट्रात अशा संस्था एक लाखाहून अधिक आहेत आणि त्यांचा कारभार मुख्यतः महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखाली चालतो. कल्पना आधुनिक वाटते. पण आपल्या धर्मशास्त्राला ती अनोळखी नाही. मनुस्मृतीत वादाची अठरा पदे गणली आहेत. त्यांत ‘निक्षेप’ आहे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली ठेव. ‘संभूयसमुत्थान’ आहे, म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन केलेला उद्योग. आणि ‘संविद्व्यतिक्रम’ आहे, म्हणजे समूहाने मिळून केलेला करार मोडणे. सोसायटी या तिन्हींचा संगम आहे. वर्गणी हा निक्षेप, इमारत हे संभूयसमुत्थान आणि उपविधी ही संविद. आणि ध्यानात घ्या, शास्त्रकारांनी ही तिन्ही पदे वादाच्या यादीत घातली आहेत. भली माणसे एकत्र आली म्हणजे वाद होणारच नाही, अशा भाबडेपणात ते नव्हते. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात राजाचे धन खाण्याचे चाळीस प्रकार मोजून लिहिले आहेत! मोजणाऱ्याला माणसांचा तिटकारा होता असे नव्हे. त्याला माणसे ठाऊक होती.

आता एक उदाहरण कल्पू. समजा, चाळीस बिऱ्हाडांची एक संस्था आहे. मे महिन्याच्या अखेरीस वरच्या मजल्यावर ओल दिसू लागली. पावसाळा तोंडावर. सचिव मोठा कामसू गृहस्थ. नोकरीतून निवृत्त झालेला, दिवसभर संस्थेच्या कामात. त्याने ओळखीच्या कंत्राटदाराला बोलावले, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम सहा लाख रुपयांना ठरवले, समितीतल्या दोघा-तिघांना फोनवर विचारले आणि काम सुरू केले. पाऊस आला, गच्ची गळली नाही. सचिवाने एक पैसा खाल्ला नाही, हेही आपण धरून चालू. पुढे ऑगस्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने विचारले, ‘साहेब, सहा लाख म्हणजे घरटी पंधरा हजार. दुसऱ्या कोणाचे दर मागवले होते का? बिल पाहायला मिळेल का?’ झाले! सचिवाचा चेहरा उतरला. ‘म्हणजे मी पैसे खाल्ले असे म्हणायचे आहे का तुम्हाला?’ त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. सभासदाने व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रश्न टाकला; अध्यक्षांनी त्याला गटातूनच काढले. दसऱ्याला सोने द्यायलाही कोणी कोणाच्या दारी गेले नाही. गच्ची कोरडी राहिली, पण घराघरांत ओल आली.

यात चोर कोण? कोणीच नाही. आणि म्हणूनच हे उदाहरण घेतले. चोराचे प्रकरण सोपे असते. त्याला पकडावे, शिक्षा करावी. कठीण प्रकरण प्रामाणिक माणसाचे आहे.

सचिवाची बाजू आपण पूर्वपक्ष म्हणून नीट मांडू. तिची थट्टा करू नये, कारण ती अगदीच पोकळ नाही. तो तीन गोष्टी म्हणतो. पहिली: मी प्रामाणिक आहे, हे सगळे जाणतात, मग पावती मागणे हा माझा अपमान आहे. दुसरी: मी विनामोबदला राबतो; फुकट सेवा करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, तर उद्या कोण पुढे येईल? तिसरी: चाळीस जणांना विचारत बसलो असतो तर गच्ची गळून गेली असती. सभेत कोणी येत नाही आणि आले तर एकमत होत नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी दामाजीपंतांची कथा आठवा. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून तडफडू लागली. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अधिकारी. कोठारे त्यांच्या ताब्यात. त्यांनी कोठारे उघडली आणि भुकेल्यांना धान्य वाटले. बादशहाचा कोप झाला, पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पुढे काय झाले, ते लहान मूलही सांगेल. पांडुरंग विठूचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची किंमत पुरती भरली आणि दामाजीपंत सुटले. आम्ही कीर्तनकार ही कथा किती वेळा सांगतो, त्याला गणती नाही. भक्ताची दया आणि देवाचा धावा, यात श्रोते रंगून जातात. पण कथेतल्या एका छोट्या गोष्टीकडे लक्ष द्या. विठूने नुसते पैसे भरले नाहीत; त्याने त्याची पावती घेतली! परंपरा सांगते, की ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली. अहो, जो विश्वाचा धनी, त्याला पावतीची काय गरज? त्याच्या शब्दावर कोण अविश्वास ठेवणार होते? तरी कथाकाराला पावतीवाचून कथा पुरी वाटली नाही. कारण कोठार दुसऱ्याचे होते. दामाजीपंतांचे अंतःकरण निर्मळ होते, हेतू पवित्र होता, तरी दुसऱ्याच्या धनाचा हिशेब हेतूने फिटत नाही. तो हिशेबानेच फिटतो. मग ज्या व्यवहारात प्रत्यक्ष देवाने पावती घेतली, तिथे आपल्या सचिवाने बिल दाखवण्यात कसला आला अपमान?

आणखी एक. दामाजीपंतांनी परवानगी घेतली नाही, हे खरे; प्रसंगच तसा होता. पण त्यांनी कोठार रात्री मागच्या दाराने उघडले नाही. भर दिवसा, सगळ्यांसमक्ष उघडले आणि त्याचे जे उत्तर द्यावे लागेल ते द्यायला उभे राहिले. संकटात आधी कृती करावी लागते. सचिवाच्या तिसऱ्या आक्षेपात एवढे तथ्य निश्चित आहे. पण संकट हे विचारण्याला सूट देते, सांगण्याला देत नाही. पाऊस तोंडावर होता म्हणून सभा घेता आली नाही, ठीक. पण ‘काम या कारणाने, या दराने, या माणसाला दिले आहे’ असा एक कागद फळ्यावर लावायला कोणता पाऊस आडवा आला होता?

दुसरी कथा एकनाथ महाराजांची. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी ते हिशेबाचे काम पाहत. एकदा जमाखर्चात एका पैची चूक राहिली. रात्र उलटून गेली तरी नाथ दिव्यापाशी बसून ती शोधत राहिले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. ही कथा एकाग्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यात दुसरेही दिसते. ती पै नाथांकडे कोणी मागितली होती काय? नाही. स्वामींनी चौकशी केली होती काय? नाही. ती पै तशीच राहिली असती तर कोणाचे काय बिघडले असते? काही नाही. तरी नाथ बसले. हिशेब मागणारा बाहेर असतो तेव्हा हिशेब ओझे वाटतो. मागणारा आपल्या आत असला म्हणजे तोच हिशेब आनंद होतो. नाथांची टाळी ही प्रामाणिक माणसाची टाळी आहे. ज्याला हिशेब सापडल्याचा आनंद होतो, त्याला तो दाखवण्याची लाज कशी वाटेल? उलट तो म्हणेल, ‘या, तुम्हीही बघा, माझ्या नजरेतून काही सुटले असेल तर सांगा.’

आता दुसरा आक्षेप, सेवेचा. सेवा विनामोबदला आहे, ही मोठीच गोष्ट. तिचे ऋण सभासदांनी मानलेच पाहिजे. पण श्रम तुमचे असले तरी पैसा सगळ्यांचा आहे. श्रमाचे दान केल्याने पैशाची मालकी आपल्याकडे येत नाही. गावजेवणात वाढपी दिवसभर राबतो, पण म्हणून पंक्तीत कोणाला किती वाढायचे हे त्याच्या मर्जीवर राहत नाही. सेवेच्या बदल्यात मौन मागायचे, तर ती सेवा राहिली कुठे? तिचे मोल ठरले की! आणि ते मोल पगारापेक्षा महाग आहे. कारण पगार खिशातून जातो, मौन स्वाभिमानातून जाते.

इथपर्यंत पैशाचा विचार झाला. पण वाचकहो, खरी मेख पैशात नाही. आकडे दाखवूनही अविश्वास राहतो, असे का होते? न्यायशास्त्र इथे आपल्या मदतीला येते. नैयायिकांचे अनुमान पाच अवयवांचे असते: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, असे नुसते म्हणून भागत नाही; ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू सांगावा लागतो. आता आपल्या जिन्याखालचा सूचनाफलक वाचा. ‘पुढील महिन्यापासून मेंटेनन्स पाचशे रुपयांनी वाढवण्यात आला आहे.’ ‘रविवारपासून मागचे फाटक बंद राहील.’ हे सगळे निगमन झाले! हेतू कुठे आहे? उदाहरण कुठे आहे? निष्कर्ष तेवढा दारावर चिकटवला आणि विचार मात्र समितीच्या खोलीत कुलूपबंद ठेवला. मग माणूस काय करतो? हेतू सांगितला नाही की तो स्वतः हेतू कल्पतो, आणि रिकाम्या जागेत कल्पना नेहमी वाईटच वाढते. फाटक चोऱ्या होतात म्हणून बंद केले असेल. पण कारण लिहिले नाही म्हणून ‘अध्यक्षांच्या गाडीला जागा हवी होती’ हे कारण चार दिवसांत घरोघर पोहोचते.

त्याच शास्त्रात ‘आप्त’ कोणाला म्हणावे याचाही विचार आहे. ज्याचा शब्द प्रमाण मानावा तो आप्त. त्याची लक्षणे अशी, की त्याला ती वस्तू प्रत्यक्ष कळलेली असावी आणि जशी कळली तशी दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असावी. पाहा, नुसते ज्ञान पुरत नाही, नुसता प्रामाणिकपणाही पुरत नाही; सांगण्याची इच्छा हे आप्ततेचे अंगच आहे. आपल्या सचिवापाशी ज्ञान होते, सचोटी होती. तिसरे नव्हते, म्हणून त्याचा शब्द प्रमाण ठरला नाही. लोकांनी त्याचे आप्तपण हिरावले नाही. ते त्याने स्वतःच अर्धे ठेवले.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहू. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कायदा, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते, तसेच स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनाशुल्क पाहता येतात. ठरलेली फी भरली तर नकला एका महिन्यात द्याव्या लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. नमुना उपविधींत समितीने सभेला न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करावा, याची मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार, २६ ते ५० सभासद असल्यास ५० हजार आणि त्यावर एक लाख रुपये. आपल्या उदाहरणातल्या चाळीस बिऱ्हाडांच्या संस्थेत ही मर्यादा पन्नास हजारांची. सचिवाने काम दिले सहा लाखांचे! भले गच्ची वाचली असेल, पण संविद मोडली.

तरीपण कायद्याच्या भरवशावर सगळे सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात निर्णय दिला, की सरकारचे भरीव अर्थसाहाय्य किंवा खरेखुरे नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. म्हणजे आपल्या सोसायटीला तो अर्ज बहुधा थेट लागू पडत नाही. लेखापरीक्षक येतो, पण तो मुख्यतः हे पाहतो, की खर्च झाला तर त्याचे व्हाउचर आहे का. त्या कामाची गरज होती का, दुसरा कोणी कमी पैशांत करत होता का, हे बोलके प्रश्न तो सहसा विचारत नाही. ते शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला विचारायचे असतात. आणि ज्याच्याशी रोज जिन्यात गाठ पडते, त्याने एखादा कागद मागितला असता ‘कायद्यात कुठे लिहिले आहे?’ असे विचारावे लागले, तर समजावे की कायदा शाबूत आहे आणि शेजार गेला.

मग सगळेच उघडे करावे काय? नाही. इथे विवेक पाहिजे. गुप्ततेचे दोन प्रकार आहेत. एक गुप्तता दुसऱ्याला जपते, दुसरी स्वतःला लपवते. सीलबंद निविदा उघडण्यापूर्वी कोणाचा दर किती हे बाहेर फुटू नये; ते सगळ्यांच्या हिताचे रक्षण आहे. एखाद्या बिऱ्हाडात कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, चार महिने वर्गणी थकली, तर ताळेबंदात थकबाकीची रक्कम यावी. पण त्या बाईचे नाव ठळक अक्षरांत जिन्याखाली लावून येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे, हे पारदर्शकपण नव्हे, हे निर्दयपण आहे. काच पारदर्शक असावी. घराला भिंतीच नसाव्यात असा त्याचा अर्थ नाही. कसोटी सोपी आहे. ‘हे झाकल्याने कोणाचे रक्षण होते?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘त्या दुबळ्याचे’ असे आले तर झाकावे. ‘माझे’ असे आले तर लगेच उघडावे.

आता समितीला इतके ऐकवल्यावर सभासदांना सोडून कसे चालेल? आपलीही कानउघाडणी व्हायला हवी. नमुना उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. चाळीस घरांत वीस माणसे! एवढीही जमत नाहीत. मग अर्धा तास वाट पाहायची, सभा तहकूब करायची आणि त्याच दिवशी नंतर, गणपूर्ती असो वा नसो, तीच सभा पुन्हा भरवायची. सूचनेतच तसे छापून टाकतात. इतकी खात्री असते न येण्याची! सात माणसे बसतात, चहा-वडा होतो, ताळेबंद ‘मंजूर’ होतो. आणि घरी क्रिकेटचा सामना पाहत बसलेली तेहतीस माणसे पुढे वर्षभर म्हणतात, ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही.’ अहो, विचारले होते; तुम्ही ऐकायला नव्हता. समितीने दार उघडणे हा तिचा धर्म. उंबरठा ओलांडणे हा आपला. ताळेबंद घरी येतो तेव्हा तो पाहावा. दुरुस्ती निधी, संचित निधी असे शब्द आले तर त्यांचा अर्थ विचारावा. संचित निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल जमवायचा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? तो ठाऊक असलेला एक सभासद इमारत म्हातारी होण्याआधी चार प्रश्न विचारतो. ठाऊक नसलेले चाळीस जण ती म्हातारी झाल्यावर चारशे आरोप करतात.

प्रश्न आणि संशय यांत फरक आहे. प्रश्नाला उत्तर मिळाले की तो शांत होतो. संशयाला उत्तर मिळाले की तो दुसरा संशय काढतो. ज्याला उत्तर नकोच आहे, केवळ समोरचा घामाघूम झालेला पाहायचा आहे, तो हिशेबाच्या नावाने सूड घेतो. असा एक मनुष्य दहा भल्या माणसांना समितीपासून पळवून लावतो. तेव्हा विचारणाऱ्यानेही आधी आपले मन तपासावे: उत्तर समाधानकारक मिळाले तर मी चारचौघांत ‘बरोबर आहे, माझी शंका फिटली’ असे म्हणायला तयार आहे का? तयार असेन तरच मला विचारण्याचा अधिकार शोभतो.

हा सगळा खटाटोप पाचशे रुपयांसाठी किंवा गच्चीसाठी आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. लहान निर्णयांत जी सवय लागते, तीच मोठ्या निर्णयात उपयोगी पडते किंवा घात करते. आज शहरांतल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचा, पुनर्विकासाचा, काळ आहे. त्यासाठी राज्य शासनाने कलम ७९-अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी आणि सुधारून ४ जुलै २०१९ रोजी निर्देश काढले. सुधारित निर्देशांप्रमाणे अशा सभेला दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, निदान ५१ टक्क्यांची संमती पाहिजे, सभेचे चित्रीकरण व्हावे आणि विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी. म्हणजे आपल्या चाळीस घरांत एकवीस जणांनी ‘होय’ म्हटले, की उरलेल्या एकोणीस जणांनाही चूल उचलून बाहेर पडावे लागते. त्यांत एखादी ऐंशी वर्षांची आजी असेल. याच खोलीत तिचा संसार झाला, याच खिडकीतून तिने सून येताना पाहिली. ‘परत येईपर्यंत मी असेन का, बाबा?’ हा तिचा प्रश्न कोणत्याही कायद्याने सुटत नाही.

बहुमताला तिला हलवण्याचा अधिकार मिळतो. पण अधिकार मिळाला म्हणून कर्तव्य संपत नाही. तिथून ते सुरू होते. जो आपल्या मताविरुद्ध निर्णय सोसणार आहे, त्याचे सगळ्यांत मोठे देणे म्हणजे कारण. त्या आजीच्या खोलीत जाऊन, जमिनीवर मांडी घालून, सोप्या शब्दांत सांगावे लागते: हाच विकासक का, करारात काय आहे, भाडे किती महिने मिळेल, त्याने काम अर्धवट सोडले तर बँकेची हमी काय आहे. तिने ‘होय’ म्हणावे म्हणून नव्हे. ती ‘नाही’ म्हणाली तरी तिला आपल्याला फसवून बाहेर काढले असे वाटू नये म्हणून. ज्या समितीने गच्चीच्या बिलापासून मोकळेपणाने बोलण्याची सवय ठेवली असेल, तिच्यावर ही आजी विश्वासून पिशवी उचलेल. जिने नसेल ठेवली, तिने शंभर कागद दाखवले तरी त्या दिवशी ते कागदच राहतील. विश्वास ऐनवेळी उसना मिळत नाही. तो आधी थोडा थोडा साठवावा लागतो. संचित निधी नुसता पैशाचा नसतो.

म्हणून समितीत असणाऱ्यांना हात जोडून सांगणे एवढेच. निर्णय लावाल तिथे एक ओळ कारणाची लिहा. मोठ्या कामाचे तीन दर मागवा आणि तिन्ही दाखवा. महाग दराला काम दिले असेल तर का दिले ते सांगा. समितीत कोणाचे मत वेगळे पडले तर इतिवृत्तात त्याची नोंद घ्या. निर्णयाची जबाबदारी साऱ्या समितीवर एकत्रित असते, तेव्हा वेगळे मत दडपण्यात शहाणपण नाही. काम चुकले असेल तर दुसऱ्याने शोधण्याआधी आपणच सांगा. आणि कोणी बिल मागितले तर चेहरा पाडू नका. ‘बसा, दाखवतो’ एवढे दोन शब्द आणि एक कप चहा, इतक्यात जे काम होते ते पुढे वकिलाकडून होत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर आता द्यायला हरकत नाही. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. जो पावती मागतो, तो अजून आपल्याशी बोलतो आहे. आपल्या उत्तराची त्याला किंमत आहे. अविश्वास निराळा असतो, आणि तो बोलत नाही. तो सभेला येत नाही, जिन्यात मान खाली घालून निघून जातो आणि दार लावून घेतो. तेव्हा ज्या दिवशी कोणी काही विचारीनासे होईल, त्या दिवशी समितीने ‘सगळे सुरळीत चालले आहे’ असे समजू नये. त्या दिवशी उठावे, वही काखेत घ्यावी आणि पहिल्या मजल्यापासून एकेक दार वाजवावे.